देवाची धार आणि परवान्याची बाटली

आषाढ लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी अधिक महिन्यात मुंज चालते का, वाण कुणाला द्यावं, सत्यनारायणाला केळी किती, असं काहीबाही येत असतं. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं दारूबद्दल. संपादकांनी त्यांचा गठ्ठा बांधून नारायण पेठेत माझ्याकडे धाडला, वर चिठ्ठी : ‘दोन्ही खाती तुमचीच.’ खरं आहे. नोकरी उत्पादन शुल्क खात्यात झाली, तिथं भट्ट्या फोडल्या. निवृत्तीनंतर संस्कृत घेऊन एम. ए. केलं, तिथं पोथ्या उघडल्या. दोन्हीकडे वास एकच येतो असं लिहिलं तर काही वाचक रागावतील, म्हणून लिहीत नाही.

प्रश्न : आमचं मूळ गाव कुडाळकडे. दरवर्षी गावच्या राखणदाराला राखण द्यावी लागते : कोंबडा, भाकरी, विडी आणि दारू. सासरे होते तोवर तेच जाऊन करून यायचे. आता ते नाहीत, ह्यांना रजा मिळत नाही आणि मी माहेरून माळकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालणारा घाडी फोनवर म्हणतो, ‘बाकीचा चलात, दारू व्हयीच.’ दारूऐवजी दुसरं काही दिलं तर कोप होईल का? आणि मुळात देवाला दारू लागतेच कशाला?
– सौ. म. प., वारजे

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात एक राग आहे आणि तो बिचाऱ्या राखणदारावर निघतो आहे. नवरात्रात तुमच्या शेजारीपाजारी सप्तशतीचा पाठ होत असेल. त्यातला दुसरा अध्याय काढून बघा. सगळे देव देवीला काही ना काही देतात. कुणी शूळ देतं, कुणी चक्र, हिमालय सिंह देतो. कुबेर काय देतो? सुरेनं भरलेलं, कधीच रितं न होणारं पानपात्र. तिसऱ्या अध्यायात देवी त्या पात्रातून पुन्हा पुन्हा पिते, तिचे डोळे लाल होतात, ती हसते आणि महिषासुराला सांगते, ‘गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्’. मूर्खा, माझं पिऊन होतंय तोवर काय गर्जायचं ते गर्जून घे. हा श्लोक सदाशिव पेठेत सोवळ्यानं म्हटला जातो आणि म्हणणाऱ्यांपैकी कुणी दचकल्याचं मी पाहिलेलं नाही. तेव्हा दारू हा फक्त वेशीबाहेरच्या देवांचा शौक आहे, हे मनातून काढून टाका.

देव मात्र सगळे एका पंगतीतले नाहीत. विठोबाला तुळस आणि लोणी, उज्जैनच्या काळभैरवाला मद्य. वेताळ, म्हसोबा, देवचार, राखणदार ही मंडळी वेशीवर रात्रपाळी करणारी. अंधारात फिरायचं, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडायचं, परक्या बाधेला गावात शिरू द्यायचं नाही. त्यांना वर्षातून एकदा जे द्यायचं ते त्यांच्या कामाला साजेसं. देवघरातल्या बाळकृष्णापुढचा नैवेद्य त्यांच्यापुढे ठेवून काय उपयोग?

सिंधुदुर्गात नेमणुकीला असताना राखण जवळून पाहिली आहे. घाडी दगडासमोर उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवाला सगळी हकिकत सांगायची : कोण मुंबईला, कोण पुण्याला, कुणाची सून बाळंतीण, कुणाच्या कलमांना मोहर नाही. प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मग बाटलीतली थोडी धार दगडावर, आणि उरलेली मानकऱ्यांना, मानाच्या क्रमानं, एकेका घोटात. क्रम चुकला तर भांडण होतं. दारू कमी पडली म्हणून भांडण झालेलं मात्र मी पाहिलं नाही. बाटली तिथंच संपते, घरी काही जात नाही. मी खात्याचा माणूस, मोजमापावर माझं बारीक लक्ष. दिवस ठरलेला, माप ठरलेलं, कुणाच्या हातून कुणाकडे जायची तेही ठरलेलं. इतकी कडक व्यवस्था आमच्या खात्याला कधी जमली नाही.

आता बदलीचा प्रश्न. कोपाचं सोडा, शास्त्रानंच ही सोय करून ठेवली आहे. तांत्रिक पूजेत मद्य हा पाच मकारांपैकी एक. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी अनुकल्प सांगितला आहे : काशाच्या भांड्यात नारळाचं पाणी. तुमच्या गावात नारळाला तोटा नाही. मात्र हा निर्णय वारज्यात बसून कळवू नका. गावात जा, गावकर आणि घाडी यांच्यासमोर बोला आणि देवाचा कौल लावा. कौल उजवा आला तर घाडीचंही तोंड बंद होईल. डावा आला तर भावकीतल्या कुणाच्या तरी हातून होऊ द्या, खर्च तुम्ही द्या. माळ तुमच्या गळ्यात आहे, दिराच्या नाही. गाऱ्हाण्याच्या वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला माळ आड येत नाही.

प्रश्न : वेदांमधला सोमरस म्हणजे दारूच ना? मित्र म्हणतो नाही. मिसळीची पैज लागली आहे.
– अ. क., शिवाजीनगर

उत्तर : पैज तुम्ही हरलात. पण मित्रही पुरता जिंकलेला नाही, तेव्हा मिसळीचे पैसे अर्धे अर्धे.

ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल, म्हणजे ११४ सूक्तं, सोमावर आहे. त्यात कृती स्पष्ट दिसते : वनस्पती दगडांनी ठेचायची, रस मेंढीच्या लोकरीतून गाळायचा, त्यात दूध किंवा दही मिसळायचं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सवनांत त्याच दिवशी संपवायचा. मी आयुष्यभर आंबवण पाहिलं आहे. पिंपात गूळ कालवला तरी त्याला ‘चढायला’ दिवस लागतात. सकाळी ठेचून दुपारी प्यायलेल्या रसात दारू तयार होत नाही. सोमाची झिंग होती हे मात्र खरं. ‘आम्ही सोम प्यायलो, अमर झालो’ असं ऋषी म्हणतो ते काही कोकम सरबत पिऊन नव्हे. ती झिंग वनस्पतीचीच असणार. आपल्याकडच्या सोमयागांत पर्यायी वनस्पती वापरतात. पारशांच्या यस्न विधीत जो हओम कुटतात तो सोमाचा सख्खा भाऊ, आणि त्यासाठी एफेड्राच्या काड्या घेतात. नाना पेठेतल्या अग्यारीवरून जाताना मला हे दर वेळी आठवतं.

दारू वेदात आहे, पण तिचं नाव सुरा, आणि तिची पत सोमाच्या खाली. शतपथ ब्राह्मण सांगतं : सोम म्हणजे सत्य, श्री, ज्योती, सुरा म्हणजे असत्य, पाप, अंधार. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाकडे माफी मागतो तेव्हा पापाची कारणं म्हणून सुरा, राग आणि फासे एका ओळीत ठेवतो. फौजदारी खटल्यांची निम्मी कागदपत्रं त्या एका ओळीत मावतात.

तुमच्या मित्राला हे वाचून आनंद होईल, म्हणून पुढचंही वाचायला द्या. याच वैदिकांचा सौत्रामणी नावाचा यज्ञ आहे. सोम अति पिऊन आजारी पडलेल्या इंद्राला अश्विनांनी आणि सरस्वतीनं बरं केलं, त्याच्याशी जोडलेला. त्यात सुराच अर्पण करतात. मोड आलेली धान्यं आणि किण्व, म्हणजे आंबवण्याचं विरजण, घालून, तीन रात्री ठेवून ती करायची. अर्पण झालं, पण उरली तिचं काय करायचं? तैत्तिरीय ब्राह्मणाचं उत्तर मला फार आवडतं : ती पिण्यासाठी एखादा ब्राह्मण मोल देऊन आणावा. तसा कुणी मिळाला नाही तर वारुळावर ओतावी. म्हणजे देवाला हवी होती, यजमानाला नको होती, आणि टाकून द्यायलाही मन होत नव्हतं.

पुढे बंदी कडक झाली. महाभारतात तिची गोष्ट आहे. असुरांनी कचाला मारून, जाळून, त्याची राख सुरेत कालवून त्याच्याच गुरूला, शुक्राचार्यांना पाजली. कच गुरूच्या पोटातून बोलू लागला तेव्हा शुक्राचार्यांना कळलं आपण काय प्यायलो ते. तिथून पुढे ब्राह्मणानं सुरा प्यायली तर ब्रह्महत्येचं पाप, असा नियम त्यांनी घालून दिला. मनूनं सुरापान महापातकात घातलं आणि प्रायश्चित्त सांगितलं : उकळती सुरा पिणे. त्याच मनूचा पाचव्या अध्यायातला श्लोक मात्र म्हणतो की मांस, मद्य, मैथुन यांत दोष नाही, ती प्राण्यांची प्रवृत्तीच आहे, पण त्यातून निवृत्त होण्याचं फळ मोठं. पैजा लावणारे दोघंही मनूचं वचन देतात, ते यामुळे.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणानंतर वैद्यांनी दशमूलारिष्ट दिलं आहे. बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं दिसलं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. चालेल ना?
– श्रीमती शा. गो., आळंदी रस्ता

उत्तर : आसवं आणि अरिष्टं म्हणजे काढ्यात किंवा रसात गूळ घालून, धायटीची फुलं टाकून आंबवलेली औषधं. त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं. वरून काही घातलेलं नसतं. औषध म्हणून चमच्यानं मोजून घेतल्यावर माळेला बाधा येत नाही असंच वारकरी घरांत मानतात. पण माळेपेक्षा बाळ महत्त्वाचं. ती अंगावर पाजते आहे हे वैद्यांना आठवणीनं सांगा आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गटारीची पार्टी गच्चीवर होते. मी म्हणतो तो दिव्यांच्या अवसेचा अपमान आहे. तरुण मुलं म्हणतात हीच आपली परंपरा. निकाल द्या.
– वि. रा., कोथरूड

उत्तर : दोन्ही पक्ष हजर, पुरावा दोन्हींकडे अपुरा. आषाढी अमावास्येला समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे करतात, ही व्रतवैकल्यातली परंपरा. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, महिनाभर मांस-मद्य बंद, म्हणून आदल्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं, ही माणसाची परंपरा. गोव्याचे ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांच्या उपासाआधी कार्निव्हल करतात, तेही हेच. संयमाच्या दारात उभं राहून एकदा मनसोक्त ओरडून घ्यायची सोय जगभर दिसते. माझी हरकत एवढीच की गच्चीवरच्या त्या मुलांपैकी श्रावण पाळणारे किती? श्रावण पाळणार नसाल तर गटारी कसली, तो नुसता शनिवार.

सात वाजता दिवे, नऊ वाजता गच्ची, असा तह करून टाका. आवाज दहाला बंद.

प्रश्न : पूर्वी पुणं किती सोवळं होतं! पेशवाईत दारूचं नाव नव्हतं. आता कोरेगाव पार्क पाहवत नाही. दारू ही इंग्रजांनी आणलेली विकृती आहे, असं तुम्ही एकदा ठणकावून लिहाच.
– ना. भा. जो., सदाशिव पेठ

उत्तर : नानासाहेब, ठणकावून लिहिता येणार नाही. पेशवाईत दारूबंदीचे हुकूम निघाले होते हे खरं. पण जिथं कुणी पीतच नाही तिथं बंदीचा हुकूम काढायला दरबाराला वेळ असतो का?

त्याहून जुनंही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा, म्हणजे माझ्या पूर्वजांचा. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार, कशात काय घालायचं त्याची मापं, आणि उत्सव-यात्रांना चार दिवस दारू करण्याची मोकळीक. ते वाचताना मला आमचंच एखादं परिपत्रक वाचल्यासारखं झालं, फक्त भाषा बरी. इसवीच्या पहिल्या शतकात भडोच बंदरावर इटलीची द्राक्षदारू उतरत होती. ती ज्या मडक्यांतून यायची त्यांची खापरं आपल्याकडे नेवाशाला आणि तेरला सापडली आहेत. नेवाशाचं उत्खनन पुण्याच्याच डेक्कन कॉलेजनं केलेलं.

इंग्रजांचा गुन्हा वेगळा. त्यांनी दारू आणली नाही, तिचा मक्ता केला. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गाळण्याचा हक्क लिलावात गेला. ज्यानं जास्त बोली लावली त्याला जास्त खपवणं भाग. याला स्पष्ट विरोध पुण्यातूनही झाला आणि तो कुणी केला ते ऐका. १८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढू देण्याविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली. १९०८ साली टिळकांच्या पुढाकारानं पुण्यातल्या दारूच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना अटक झाली, अर्थात राजद्रोहासाठी. बाकी जवळजवळ कशावरच न पटणारे हे दोन पक्ष दारूच्या दुकानावर एक झाले होते. सोवळ्या पुण्याची आठवण काढायची तर ही काढा.

प्रश्न : आमचे कॅम्पातले कॅथलिक शेजारी चर्चमध्ये वाइन पवित्र मानतात. मुसलमान मित्राला दारू हराम. ज्यू लोकांचं काय असतं? तिन्ही धर्म एकाच अब्राहामाचे, मग असं का?
– र. शि., वानवडी

उत्तर : ज्या देशात हे धर्म वाढले तिथं द्राक्षवेल होती, म्हणून देवापुढे द्राक्षरस आला. आपल्याकडे मोह आणि ताड होते. इथपर्यंत सोपं आहे.

इस्लाममध्ये बंदी टप्प्याटप्प्यानं आली. कुराणातल्या एका आयतीत दारूत फायद्यापेक्षा पाप मोठं आहे असं म्हटलं आहे, दुसरीत नशेत असताना नमाजाला जाऊ नका, आणि तिसरीत जुगाराच्या जोडीनं ती सैतानाचं काम म्हणून सोडून द्या. मात्र स्वर्गाच्या वर्णनात मद्याच्या नद्या आहेत. कॅथलिक चर्चचा नियम उलट्या दिशेनं तितकाच कडक : मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, वाइन द्राक्षाचीच हवी, खराब झालेली चालत नाही, आणि तीत थोडं पाणी घालायचं. ज्या धर्मगुरूला दारूचा आजार आहे त्याला वरिष्ठांच्या परवानगीनं जेमतेम आंबलेला द्राक्षरस घेता येतो. प्रॉटेस्टंट मंडळींपैकी बऱ्याच चर्चमध्ये साधा द्राक्षरसच देतात. तो न आंबवता टिकवण्याची युक्ती अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ साली काढली, प्रभुभोजनासाठीच.

ज्यूंचं म्हणाल तर तुम्हाला वानवडीहून फार लांब जायला नको. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर, तुम्ही पाहिलं असेल. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं सुक्कथ शेलोमो आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आपले शनिवार तेली. घरात बोली मराठी, शनिवारी काम बंद. त्यांच्या धर्मात शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं स्वागत द्राक्षदारूच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणून करतात. पण धर्मनियमांनुसार केलेली दारू अलिबाग-पेणला आणायची कुठून? मग बायकांनी काळे मनुके घेतले.

रास्ता पेठेतल्या एका आजींनी मला ते करून दाखवलं होतं. मनुके निवडून धुतले, भिजत घातले, भिजून टपोरे झाल्यावर त्याच पाण्यात हातानं कुस्करले आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घेतले. जांभळट तपकिरी पाणी, घट्टसर गोड, दारूचा थेंब नाही. चांदीच्या पेल्यात ओतून घरातल्या कर्त्या पुरुषानं हिब्रूत प्रार्थना म्हटली आणि पेला सगळ्यांकडे फिरला, मुलांकडेसुद्धा. मी खात्यातला आहे हे आजींना ठाऊक होतं. पेला माझ्यापुढे करताना म्हणाल्या, ‘घ्या साहेब, याला परमिट लागत नाही.’ हीच मंडळी नवस फेडताना एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. अब्राहामाचा धर्म कोकणातून फिरून आला की पोह्यावर येतो.

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची वारली मुलगी, पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. आमच्याकडे लग्नात, देव बसवताना, मयताला, सगळीकडे दारू किंवा ताडीची धार लागते. इथल्या मैत्रिणी म्हणतात हे मागासलेपण. गावात बचत गटाच्या बायांनी दारूबंदी करायची ठरवली आहे, त्यांत माझी आईसुद्धा आहे. आजोबा भगत आहेत, ते म्हणतात धार बंद केली तर पूर्वज उपाशी राहतील. मी कुणाच्या बाजूनं बोलू?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : या गठ्ठ्यातलं हे सर्वांत अवघड पत्र, म्हणून जागा जास्त घेतो.

तुझ्या तालुक्याशेजारीच माझी काही वर्षं गेली. एका पाड्यावर आम्ही छाप्याला गेलो तेव्हा भट्टी चालू होती. चुलीवर मडकं, त्यात भिजवून आंबलेली मोहाची फुलं, वर दुसरं मडकं उपडं, सांध्याला चिखल आणि चिंधीचा लेप, बाजूनं बांबूची नळी. नळीच्या तोंडातून थेंब थेंब पडत होतं. आमच्या जवानानं पंचनाम्यात ‘कच्चे रसायन’ असं लिहायला घेतलं. म्हातारा अजिबात पळाला नाही. त्यानं पळसाच्या पानाचा द्रोण केला, पहिल्या धारेचे चार थेंब जमिनीवर सोडले आणि नावं घेतली : धरतरी, कणसरी, हिरवा, वाघदेव, मग त्याच्या घरातली मेलेली माणसं, एकेक करून, शेवटी बहुधा लहानपणीच गेलेल्या एका मुलीचं. आणि दुसरा द्रोण पंचनामा लिहिणाऱ्या जवानापुढे धरला, कारण तो पाहुणा. कागदावर त्या सगळ्याला एकच शब्द होता : मुद्देमाल.

तेव्हा तुझ्या मैत्रिणींना सांग की पेल्यातलं आधी जमिनीला देणं हे जुन्या ग्रीकांकडे होतं, रोमनांकडे होतं, आणि त्यांना कुणी मागास म्हणत नाही. चीनमध्ये जिआहू इथं सापडलेल्या सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तळाशी तांदूळ, मध आणि फळांच्या आंबवलेल्या पेयाचे अंश मिळाले. माणूस शेती करायला लागला त्याच सुमाराला तो आंबवायलाही लागला.

पण तुझ्या आईचं म्हणणंही आजोबांइतकंच जुनं आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. १८९२ साली सरकारनं मोहाच्या फुलांवर कायदा केला, ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) भागासाठी. झाड अंगणातलं, फूल आपोआप पडलेलं, तरी साठवायचं नाही. दारू मात्र मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. वर्षातून ठरलेल्या दिवशी गाळली जाणारी गोष्ट रोज उधारीवर मिळू लागली, आणि उधारीपोटी जमीन जाऊ लागली. मग १९२२ साली काय झालं? पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून एक देवी निघाली. पुढे तिला सलाबाई म्हणू लागले. ती डोंगर चढून दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोचली. मांडवात लोक जमायचे, कुणाच्या तरी अंगात ती यायची आणि हुकूम द्यायची : दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी ऐकलं. बाहेरून कुणी समाजसुधारक आला नव्हता. ज्या देवांना धार लागत होती त्यांच्याच जातकुळीतली देवी म्हणाली, आता पुरे.

तुझ्या गावात आज जे विकलं जातं ते आजोबांच्या मडक्यातलं नसणार. बाहेरून येणारी कॅनमधली हातभट्टी, काळा गूळ आणि नवसागराची, नाहीतर त्याहून वाईट. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं विषारी दारूनं गेली, त्यात मिथेनॉल होतं. तुझ्या आईचा झगडा त्या कॅनशी आहे. आजोबांना लागतो तो द्रोण.

तू पेसा क्षेत्रातली आहेस, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा जिथं लागू आहे तिथली. १९९६ च्या त्या कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि त्या ग्रामसभेत तुझी आई बसते तशीच तू आणि आजोबाही बसता. विक्री पूर्ण बंद. धार कोणत्या विधीला, किती, कुणाच्या हातून, हे ग्रामसभेनं लिहून ठरवायचं, असा ठराव तू मांड. तो लिहायला बसशील तेव्हा बाजूला आजोबांनाच बसव. विधी किती आहेत आणि प्रत्येकाला खरोखर किती लागते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. मला वाटतं, आकडा ऐकून आईलाही आश्चर्य वाटेल. आणि मयताच्या धारेवर अडलं तर थांब, तिथं घाई करू नकोस. ज्या बाया बंदी मागताहेत त्यांचेही पूर्वज तिथंच आहेत.

प्रश्न : मुळशीकडे आमच्या शेतातल्या म्हसोबाला जत्रेत बाटली द्यावी लागते. पुण्याहून नेताना नाक्यावर विचारलं तर? परवाना म्हसोबाच्या नावानं निघतो का?
– सं. मा., भूगाव

उत्तर : निघत नाही. कायद्याला फक्त जिवंत माणूस कळतो, आणि तोही पंचविशी ओलांडलेला. परवाना स्वतःच्या नावानं काढा. एक दिवसाचा किरकोळ पैशांत मिळतो. दुकानाची पावती जवळ ठेवा. सील फोडू नका, वाटेत तर नाहीच. कोरडा दिवस आहे का ते आधी बघा. गणपती विसर्जन आणि आषाढी एकादशी लोकांच्या लक्षात असते, निवडणूक राहते. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद असतात. जत्रा नेमकी त्यात आली तर म्हसोबाची बाटली आधीच आणून ठेवा, आणि कपाटाची किल्ली तुमच्या मेव्हण्याकडे देऊ नका.